चौकटींची पंगत : मांडणी, दृश्यता आणि उत्तरदायित्व

दूरस्थ सभेतील सहभागी व्यक्तींच्या प्रतिमा पडद्यावर कोणत्या क्रमाने मांडल्या जाव्यात, हा प्रश्न वरकरणी केवळ तांत्रिक स्वरूपाचा वाटतो. परंतु कोणतीही मांडणी अर्थनिर्णयनाच्या आधी आपले काम करून गेलेली असते, हे समीक्षेच्या अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. कोणाला केंद्रस्थानी आणावयाचे, कोणाला परिघावर ठेवावयाचे आणि कोणाला दृष्टीआड करावयाचे, याचे निर्णय जेथे होतात तेथे मूल्यांचा प्रश्न उपस्थित होतोच. हे निर्णय संगणकप्रणाली आपोआप घेऊ लागते तेव्हा त्यांचे नैतिक स्वरूप नाहीसे होते, की केवळ झाकले जाते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम या मांडणीचे स्वरूप पाहू. 'झूम'सारख्या प्रणालीत प्रामुख्याने दोन दृश्यप्रकार आढळतात. पहिल्यात बोलणाऱ्या व्यक्तीची प्रतिमा मोठी होऊन मध्यभागी येते. दुसऱ्यात सर्वांच्या प्रतिमा समान आकाराच्या चौकटींत दिसतात; एका पानावर २५, आणि संगणकाची क्षमता पुरेशी असल्यास ४९. मागील पानावरील व्यक्ती बोलू लागली की तिची चौकट पहिल्या पानावर आणली जाते; कॅमेरा बंद ठेवणारे मागे सरकतात. बोलणारा कोण, हे प्रणाली ध्वनीवरून ठरविते.

जेरार जेनेत याने १९७२ साली कथनमीमांसा करताना 'कोण पाहतो' आणि 'कोण बोलतो' हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे केले. येथे हा भेद निराळ्याच रीतीने पुसला जातो. माझी दृष्टी कोठे वळेल हे दुसऱ्याचा आवाज ठरवितो. कथनात दृष्टिकोनाची निवड करणारी एक निर्मितीशील जाणीव आपण गृहीत धरतो आणि तिला जाबही विचारू शकतो. येथे निवड आहे, पण निवड करणारा कोणी समोर नाही.

याचा परिणाम सर्वांत अधिक होतो तो मौनावर. २०२० साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनी पीएच.डी.ची मौखिक परीक्षा दूरदृश्य माध्यमातून घेण्याची वाट मोकळी केली. अशा परीक्षेत एखाद्या अवघड प्रश्नापाशी विद्यार्थी थांबतो, विचार करतो. परीक्षकाच्या दृष्टीने हा क्षण कदाचित उत्तराइतकाच अर्थपूर्ण असतो. प्रणालीच्या लेखी मात्र तो रिक्त असतो. तेवढ्यात दुसरा कोणी खाकरला किंवा मध्येच काही बोलला तर मध्यवर्ती जागा त्याच्याकडे जाऊ शकते. ऐकणाऱ्याचीही हीच गत होते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधानाची मागणी केलेली आहे. श्रोत्याचे अवधान हा तेथे निरूपणाचाच एक घटक आहे. आवाजाला दृश्यतेचे बक्षीस देणारी मांडणी या घटकाला मोजू शकत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, समान चौकटींनी व्यासपीठ आणि सभागृह यांतील जुनी उतरंड तरी मोडली. हा आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. मागच्या रांगेत बसणाऱ्याचा चेहरा अध्यक्षांच्या चेहऱ्याएवढाच दिसणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. तथापि समान आकार म्हणजे समान स्थान नव्हे. याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, हा क्रम सर्वांना सारखा दिसत नाही. माझ्या पडद्यावर जो पहिल्या ओळीत आहे तो दुसऱ्याच्या पडद्यावर तिसऱ्या पानावर असू शकतो, आणि इतरांच्या दृष्टीत मी कोठे आहे हे मला कळत नाही.

माझ्या मते नैतिक प्रश्नाचे मर्म येथे आहे. आपल्या समाजात पंगतीने पंक्तिभेद निर्माण केला, त्याला प्रतिष्ठाही दिली. पण पंगत सर्वांच्या डोळ्यांसमोर बसत असे. म्हणूनच तिच्यावर बोट ठेवता आले आणि सहभोजनाचे प्रयोग तिला उत्तर म्हणून उभे राहू शकले. अन्याय्य मांडणी सामाईक असेल तर ती वादाचा विषय होऊ शकते. ज्याची-त्याची मांडणी वेगळी असेल तर अन्याय झाला असे म्हणण्यासाठी लागणारे साक्षीदारच उरत नाहीत.

ही स्थिती तंत्रज्ञानाने अटळ केलेली आहे, असेही नाही. १९९२ साली ॲबिगेल सेलेन, विल्यम बक्स्टन आणि त्यांचे सहकारी यांनी मांडलेल्या 'हायड्रा' या प्रायोगिक रचनेत प्रत्येक दूरस्थ व्यक्तीसाठी स्वतंत्र छोटा पडदा, कॅमेरा आणि ध्वनिक्षेपक होता; त्यामुळे कोण कोणाकडे वळून पाहतो आहे, हे कळण्याची सोय राहिली. २०२० साली मायक्रोसॉफ्टने आणलेल्या 'टुगेदर मोड'मध्ये सर्वांच्या प्रतिमा एका कल्पित सभागृहात बसविल्या जात आणि ती आसनव्यवस्था सर्वांना एकच दिसे. 'झूम'मध्येही यजमानाला स्वतः लावलेला क्रम सर्वांना लागू करता येतो. या शेवटच्या सोयीमुळे यजमानाची सत्ता वाढते, हे उघड आहे. पण ती सत्ता कोणाची आहे हे माहीत असते, आणि 'मला मागे का ठेवलेत?' असा प्रश्न तिला विचारता येतो.

तेव्हा स्वयंचलित मांडणी निःपक्षपाती आहे, म्हणून ती अधिक न्याय्य आहे, हा युक्तिवाद टिकत नाही. पक्षपात नसणे आणि पक्षपाताला धनी नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सभेचा क्रम कोणी लावावा, यावर मतभेद होऊ शकतील. परंतु तो क्रम सर्वांना एकच दिसावा आणि तो लावणारा कोण हे सर्वांना ठाऊक असावे, एवढी अपेक्षा अध्यक्षपद स्वीकारणाऱ्या प्रत्येकाकडून करणे वाजवी आहे. न बोलणाऱ्यांची दखल घेणे हे अध्यक्षाचे जुनेच कर्तव्य आहे. ते प्रणालीकडे सोपविले म्हणून संपत नाही.