प्रमाण आणि प्रतिकृति

दिवाळीपूर्वीं माळा आवरतांना एक पुठ्ठ्याची पेटी हातीं लागली. तींत सेंच्युरियन रणगाड्याच्या प्रतिकृतीचे सुटे भाग होते. मी पंधरा वर्षांचा असतांना माझ्या मामांनीं ती विलायतेहून आणली होती. अर्धें काम झालें, परीक्षा जवळ आली, पुढें नोकरी आणि संसार यांच्या रहाटगाडग्यांत पेटी माळ्यावर गेली ती चाळीस वर्षें तेथेंच राहिली. गोंदाची नळी दगडासारखी घट्ट झाली होती, रणगाड्यावर चिकटवावयाच्या आंकड्यांचे कागद पिवळे पडले होते. प्लॅस्टिकचे भाग मात्र जसेच्या तसे होते. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं मीं तें अर्धवट काम पुन्हां हातीं घेतलें.

प्रौढ माणसानें खेळण्यांत वेळ दवडावा काय, हा पहिला आक्षेप घरांतूनच आला. त्याचें उत्तर फारसें कठीण नाहीं. या कामांतील गोंद हा वस्तुतः गोंदच नव्हे. तो पॉलिस्टिरीनचा पृष्ठभाग विरघळवितो आणि दोन तुकडे एकजीव होतात. तो सुकण्यापूर्वीं उतावळेपणानें बोट लावलें तर त्याचा ठसा कायमचा राहतो. ज्या कामांत मनुष्याच्या अधीरतेची अशी लेखी नोंद होते तें काम पोरकट खास नव्हे. माझ्या वयाच्या गृहस्थांस तर तें हितकरच म्हणावें लागेल.

दुसरा आक्षेप माझ्या स्वतःच्याच मनानें घेतला, आणि तो इतक्या सहजासहजीं उडवून लावतां येण्यासारखा नाहीं. जें यंत्र माणसें मारण्याकरितां घडविलें गेलें त्याची सुबक बाहुली करून ती टेबलावर मांडणें हें निर्दोष आहे काय? या छंदांतले लोक याला एक ठराविक उत्तर देतात: आम्ही युद्धाचा गौरव करीत नाहीं, इतिहासाशीं इमान राखतों, रणगाड्याच्या पोलादी पत्र्यावरील एकेक खिळा आम्हीं मोजलेला असतो. या उत्तरांत सत्याचा अंश आहे. पण खिळे मोजल्यानें इतिहासाचें किती ज्ञान होतें, हाच तर प्रश्न आहे.

अशा प्रतिकृति बहुधा मूळ वस्तूच्या एक पस्तीसांश आकाराच्या असतात. हा पस्तीसचा आंकडा कोणा शास्त्रज्ञानें ठरविलेला नाहीं. १९६०च्या दशकाच्या आरंभीं जपानमधील तामिया कंपनीनें जर्मन पँथर रणगाड्याची चालती प्रतिकृति काढली. तिच्या पोटांत विजेची मोटर आणि बॅटऱ्या मावाव्या म्हणून तिचा आकार ठरविला गेला, आणि मागाहून हिशेब करतां तो पस्तीसाव्या हिश्शाच्या आसपास निघाला. सोयीनें जन्मलेलें तें प्रमाण पुढें जगभर रूढ झालें. या प्रमाणाचें गणितही मोठें मौजेचें आहे. लांबी ३५ पटींनीं घटते, परंतु वजन, सर्व कांहीं त्याच धातूचें केलें तरी, ४२,८७५ पटींनीं घटतें. म्हणजे सुमारें ५० टनांचा सेंच्युरियन सव्वा किलोहूनही हलका होतो. लांबीचा एक नियम, वजनाचा दुसरा. मग त्या यंत्राच्या पोटांत जें घडलें त्याला कोणता नियम लावावयाचा?

१६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत पूना हॉर्स पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल अशाच एका सेंच्युरियनमध्यें होते. त्या रणगाड्याचें नांव फामागुस्ता. त्यांचा जन्म पुण्याचा, वय २१ वर्षें, आणि सैन्यांत अधिकारी होऊन अवघे सहा महिने झालेले. रणगाड्यानें पेट घेतला तेव्हां तो सोडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे अशा अर्थाचें उत्तर देऊन ते लढत राहिले आणि तेथेंच त्यांना मरण आलें. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें.

पंधराव्या वर्षीं मीं ही हकीकत वाचली तेव्हां खेत्रपाल मला थोरल्या भावासारखे वाटले होते. आपणही कधीं तरी त्यांच्याएवढे होऊं, या कल्पनेनेंच मीं ती पेटी उघडली होती. आज त्यांचें वय तेंच आहे आणि माझें तें राहिलेलें नाहीं. माझ्या वर्गांत शेवटच्या वर्षाला बसणारीं मुलें एकवीस वर्षांचींच असतात. त्यांच्यांतला एखादा दोन दिवस दिसला नाहीं तर मी चौकशी करतों. पूर्वीं माझें लक्ष रणगाड्यांत बसलेल्या वीराकडे जाई; आतां तें घरीं वाट पाहणाऱ्या वडिलांकडे जातें. हे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, २००१ सालीं वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं पाकिस्तानांत गेले. तेथें ज्यांनीं त्यांचें मोठ्या अगत्यानें आतिथ्य केलें त्या ब्रिगेडियर ख्वाजा महंमद नासेर यांनींच त्यांना सांगितलें कीं, तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला. तो क्षण कोणत्या प्रमाणांत लहान करून दाखवितां येईल?

काम संपत आलें तेव्हां या विचारानें माझा हात अडला. प्रतिकृतीवर चिखल, गंज आणि जळाल्याचे डाग रंगविणें ही या छंदांतली एक वाखाणलेली कला आहे. मींही काळा रंग कालवून ठेवला होता. पण ज्या जागीं एक मुलगा जळत्या पोलादांत बसून राहिला त्या जागेची काजळी कौशल्य म्हणून रंगवावयास माझा कुंचला पुढें होईना. यावर कोणी म्हणेल कीं, स्वच्छ रणगाडा हें तर अधिक मोठें असत्य. तो युद्धाला निरुपद्रवी करून दाखवितो. हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाहीं.

पण आपल्या नैयायिकांनीं ‘प्रमाण’ हा शब्द ज्ञानाच्या साधनासाठीं योजिला आहे, आणि प्रत्येक इंद्रियाचा आपापला विषय असतो हेंही ते मानतात. डोळ्याला शब्द ऐकूं येत नाहीं, म्हणून डोळा खोटा ठरत नाहीं. प्रतिकृतीचा अधिकार आकारापुरता आहे. तो तिनें चोख बजावावा आणि त्यापलीकडचें आपल्याला ठाऊक आहे असा आव आणूं नये. पलीकडच्या गोष्टींची साक्ष माणसांनीं माणसांना सांगावयाची असते.

कालवलेला काळा रंग मीं फेंकून दिला आणि रणगाडा कारखान्यांतून निघाल्यासारखाच ठेवला. तो आतां माझ्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. घरीं येणारे विद्यार्थी तो उचलून पाहतात, चाकें फिरवितात, हें काय म्हणून विचारतात. मग मी त्यांना खाली बसवितों आणि प्रथम त्या मुलाचें वय सांगतों.