मनगटापासून खुब्यापर्यंत

खुर्चीत असाल तर खुर्चीत, जमिनीवर असाल तर जमिनीवर, सोयीचं होईल तसं बसा. पाठ ताठ ठेवण्याचा अट्टहास नको. श्वास मोजायचा नाही. तो चालू आहे एवढं जाणवलं की पुरे.

आता डाव्या हाताने उजवं मनगट धरा. करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या मागच्या अंगाला एक गोल उंचवटा बोटाला लागेल. कातडीखाली लगेच हाड आहे. हलकेच दाबून पाहा. टणक लागतं, दबत नाही, कुरकुरत नाही. केस पिकतात, कातडी सैल पडते, पण आतलं हे मात्र आहे तसंच राहणार, असं वाटतं. या वाटण्यापाशी थोडं थांबू या. हाडांबद्दलची आपली बेफिकिरी इथेच जन्माला येते.

बोट तिथेच असू द्या, आणि लंडनमधल्या एका जेवणाची गोष्ट ऐका. अठराव्या शतकात जॉन बेल्शियर नावाचे शल्यचिकित्सक एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेले होते. पानात डुकराचं मांस आलं आणि त्यातलं हाड चक्क लाल होतं. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. छापलेल्या कापडावरचा जादा रंग काढायला ते कोंड्याच्या पाण्यात उकळत, आणि तो कोंडा पुढे डुकरांना घालत. रंग होता मंजिष्ठेच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळांचा. मांस नेहमीसारखंच होतं, रंगली होती ती हाडं. बेल्शियर यांनी १७३६ साली हे प्रसिद्ध केलं. पुढे फ्रान्समध्ये द्युआमेल द्यु मोन्सो यांनी जनावरांना काही दिवस हा रंग खायला घातला, काही दिवस बंद केला, पुन्हा सुरू केला. हाड कापलं तर आत लाल आणि पांढरे थर एकाआड एक. त्या त्या दिवसांत जे हाड नव्याने घडत होतं, तेवढंच रंगलं होतं. नंतर जॉन हंटर यांनी दाखवलं की हाड एकीकडे घडत असताना दुसरीकडे विरघळूनही जात असतं.

बोटाखालच्या उंचवट्याकडे आता पुन्हा लक्ष द्या. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी नवा होतो. तुम्ही हे वाचताय तेव्हाही, त्या टणक पृष्ठभागाच्या आत कुठेतरी काम चालू आहे. आवाज नाही, वेदना नाही.

हे काम जवळून पाहू. ऑस्टिओक्लास्ट नावाची एक मोठी पेशी हाडावर येऊन बसते. आपली कड हाडाला घट्ट चिकटवते आणि त्या बंद जागेत आम्ल सोडते. खनिज विरघळतं. मग उरलेले कोलॅजेनचे धागे ती पचवते. दोन-तीन आठवड्यांत एक खड्डा तयार होतो आणि ती निघून जाते. मागून ऑस्टिओब्लास्ट येतात. त्या एकट्यादुकट्या नसतात, गटाने येतात. आधी कोलॅजेन विणतात, त्यावर हळूहळू खनिज चढतं. खड्डा भरायला तीन-चार महिने लागतात.

हा हिशेब मनात घोळू द्या. खणायला आठवडे, भरायला महिने. म्हणजे कुणाचंही काम बिघडलेलं नसलं, नुसती खणण्याची गती वाढली, तरी शरीरात अर्धवट भरलेले खड्डे जास्त राहणार. त्यात प्रत्येक खड्डा भरताना थोडी कसर राहू लागली की वर्षागणिक तूट साठत जाते. हाडांची झीज म्हणतात ती हीच. तिशीच्या आसपास हाडांचा साठा कमाल पातळीला पोचतो. नंतर प्रश्न एवढाच उरतो, की उतरणीचा वेग किती.

मनात येईल, मग शरीर हे खणणं थांबवत का नाही? हात गळ्याशी न्या, कंठाच्या खाली. तिथे थायरॉइड ग्रंथी आहे आणि तिच्या मागच्या बाजूला बहुतेकांना चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, डाळीच्या दाण्याएवढ्या. रक्तातल्या कॅल्शियमवर त्यांची नजर असते. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, पण हृदयाचा ठोका, स्नायूंची हालचाल, रक्त गोठणं हे सगळं उरलेल्या एका टक्क्यावर चालतं. तो टक्का घसरू लागला की या ग्रंथी संप्रेरक सोडतात, हाडातलं कॅल्शियम मोकळं होतं आणि ठोका चुकत नाही. अडीनडीला घरातलं सोनं मोडून संसार सावरावा, तसा हा व्यवहार आहे. एकदा मोडण्याने काही बिघडत नाही. रोज मोडायची वेळ आली, तर बिघडतं.

ती वेळ कशामुळे येते? पानातलं कॅल्शियम कमी पडल्यामुळे, किंवा पोटात गेलेलं अंगी न लागल्यामुळे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रौढांसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं, पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी १२००. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, शंभर मिलिलिटर दुधात सव्वाशेच्या आसपास. कालच्या दिवसात तुमच्या ताटात काय काय होतं, ते डोळ्यांसमोर आणा. अपराधी वाटून घेऊ नका, फक्त आठवा. मग आणखी एक आठवा: काल अंगावर ऊन किती वेळ होतं? आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जायला ‘ड’ जीवनसत्त्व लागतं, आणि ते त्वचेत उन्हाने तयार होतं. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. तरीही ‘ड’ची कमतरता घरोघरी आढळते, कारण आपला दिवस छपराखाली जातो, बाहेर पडलो तर अंग झाकलेलं असतं, आणि सावळ्या त्वचेला तेवढ्याच जीवनसत्त्वासाठी जास्त वेळ ऊन लागतं.

आता हात खाली, पायाच्या नडगीवर आणा. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बोट फिरवा. या हाडाने आजवर तुमचा भार किती वाहिला असेल, याचा विचार करा, आणि त्या भाराकडे ओझं म्हणून पाहू नका. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं की हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं. १९७७ साली व्यावसायिक टेनिसपटूंच्या दंडांचा अभ्यास झाला. खेळणाऱ्या हाताच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा जाड निघाली, पुरुषांत सुमारे ३५ टक्क्यांनी आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्क्यांनी. माणूस तोच, खाणं तेच, रक्त तेच. फरक फक्त कामाचा. उलट अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड, पुरेसा व्यायाम नसेल तर, दर महिन्याला टक्का-दीड टक्का घटतं. वजनच उरत नाही, तेव्हा हाडाला स्वतःची गरज उरत नाही. महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचंही असंच होतं.

हा भार ओळखतं कोण? हाडातच गाडून घेतलेल्या ऑस्टिओसाइट पेशी. पाऊल टेकलं की हाड किंचित वाकतं, अगदी सूक्ष्म नळ्यांतला द्रव सरकतो, आणि या पेशींना कळतं. जमत असेल तर आता उभे राहा. दोन्ही टाचा उचला आणि जमिनीवर टेकवा. पुन्हा एकदा. नडगीतून वर गेलेला तो हलका धक्का हाडापर्यंत पोचला आहे.

पुन्हा बसा. आता जे सांगायचं आहे ते मुख्यतः बायकांचं, पण पुरुषांनीही ऐकावं असं. १९४१ साली बॉस्टनचे फुलर ऑलब्राइट आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं की ठिसूळ हाडांच्या त्यांच्या रुग्णांत पाळी गेलेल्या स्त्रियाच बहुसंख्य आहेत. इस्ट्रोजेन हे संप्रेरक खणणाऱ्या पेशींना आवर घालतं. पाळी जाताना ते घटतं, आवर सुटतो आणि पहिली पाच-सात वर्षं झीज सर्वांत वेगाने होते. याचं नेमकं गणित १९९७-९८ च्या सुमारास उलगडलं. हाड घडवणाऱ्या कुळातल्या पेशीच खणणाऱ्यांना बोलावणारं एक प्रथिन तयार करतात आणि त्याला अडवणारं दुसरंही त्याच तयार करतात. बोलावणं आणि अडवणं यांचा तोल गेला की झीज वाढते. त्या बोलावणाऱ्या प्रथिनालाच रोखणारं डेनोसुमॅब हे इंजेक्शन २०१० साली अमेरिकेत मान्य झालं. ते घेणाऱ्यांनी मात्र मनाने बंद करू नये. मध्येच सोडलं तर झीज उसळते आणि मणके दबू शकतात.

पाळी वयाने जाते तशी शस्त्रक्रियेनेही जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं ऐन तरुण वयात काढली जातात, या प्रश्नावर २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एकदम तुटतं. बीजकोश ठेवले तरी ते वेळेआधी थकू शकतात. तिशी-पस्तिशीतली बाई, डोक्यावर उसाची मोळी, आणि आत पन्नाशीनंतरची झीज सुरू झालेली. या चित्रापाशी थोडा वेळ थांबा. हाडांची झीज म्हातारपणाची गोष्ट आहे, हे वाक्य इथे लागू पडत नाही.

दमा किंवा संधिवात यासाठी महिनोन्महिने घेतलेली स्टिरॉइडं, थायरॉइडची गरजेपेक्षा जास्त मात्रा, तंबाखू, दारू हीही त्याच खात्यातली कारणं. यांतलं कुठलं आपल्याला लागू आहे, ते मनातल्या मनात तपासा.

आता शक्य असेल तर भिंतीला पाठ लावून उभे राहा. टाचा भिंतीजवळ, डोकं सरळ. मागचं डोकं भिंतीला सहज टेकतं का? तरुणपणी तुमची उंची किती होती? मणका दबतो तेव्हा पुष्कळदा दुखतही नाही. साडी थोडी लांब होते, सदरा पुढे लोंबतो, पोक येतं, आणि घरातले म्हणतात, वय झालं. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त उंची घटली असेल, तर मणक्यांचा एक्स-रे काढून घ्यायला हवा.

शेवटी हात खुब्यावर ठेवा, मांडी कमरेला मिळते तिथे बाहेरच्या बाजूला. झिजलेलं हाड इथे मोडलं की माणूस पुन्हा पूर्वीसारखा चालेलच असं नाही. पाचातला सुमारे एक वर्षाच्या आत दगावतो. म्हणून इथलं हाड मोडण्याआधी मोजतात. डेक्सा नावाची ही तपासणी काही मिनिटांची असते, दुखत नाही. तरुण निरोगी हाडाशी तुलना करून आकडा येतो. उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडं, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवली.

हात मोकळा सोडा. इतका वेळ आपण ज्याच्याकडे पाहिलं ते हाड स्वतःहून कधी काही सांगत नाही, ते विचारावं लागतं. पन्नाशीनंतर तुमचं किंवा घरातल्या कुणाचं हाड नुसतं उभ्या-उभ्या पडून मोडलं, तर प्लास्टर घालून घरी येण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: हाड जोडलं जाईल, पण इतक्या साध्या पडण्याने ते मोडलं कशामुळे? आणि त्याचं उत्तर देणारी तपासणी पुढे ढकलू नका.