धुरांड्यातलं शून्य

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरात, सेल्बी गावाजवळ, ड्रॅक्स नावाचं वीजकेंद्र आहे. १९७० च्या दशकात ते उभं राहिलं ते परिसरातल्या कोळशाच्या खाणींच्या भरवशावर. पुढे कोळसा नकोसा झाला आणि सहापैकी चार संच लाकडावर आणले गेले. आता तिथे वर्षाला लाखो टन लाकूड जळतं, आणि त्यातलं बहुतेक अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून आणि कॅनडातून जहाजानं येतं. सरकारदरबारी या विजेची नोंद ‘अक्षय ऊर्जा’ अशी होते.

हे लाकूड ओंडक्यांच्या रूपात येत नाही. ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते समुद्रापार नेणं म्हणजे पाण्याचं भाडं भरणं. म्हणून लाकडाचा भुसा करतात, वाळवतात आणि साच्यातून दाबून काढतात. दाबाच्या उष्णतेनं लाकडातलंच लिग्निन मऊ पडून डिंकाचं काम करतं आणि करंगळीहून बारीक, चकचकीत गोळ्या पडतात. यांना पेलेट म्हणतात. पेलेट पाण्यात पडली की फुगते आणि तिचा पुन्हा भुसा होतो. त्यामुळे बंदिस्त वाघिणी हव्यात, आणि ड्रॅक्सच्या आवारात सुमारे ५० मीटर उंचीचे चार घुमट हवेत. घुमटातल्या ढिगाऱ्यालाही आतून आपोआप ऊब येते, ती वाढून पेट घेऊ नये म्हणून पहारा हवा. लाकूड जळण्याआधीच त्याच्यावर एवढी ऊर्जा खर्च होते.

तरी कागदावर धुरांड्यातल्या कार्बनपुढे शून्य लागतं. हे शून्य मुळात लबाडीचं नाही. आंतरराष्ट्रीय हिशेबाचा नियम असा, की झाड तोडलं की त्याचा कार्बन त्या देशाच्या जमीन-जंगलाच्या खात्यात नावे टाकायचा. तोच पुन्हा वीजकेंद्राच्या खात्यात आला तर दोनदा मोजला जाईल. हिशेबनिसाच्या दृष्टीनं ठीकच. पण युरोपनं ते शून्य इंधनाचा अंगभूत गुण असल्यासारखं उचललं आणि त्यावर अनुदानाचा डोलारा उभा केला. टिमोथी सर्चिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्येच ‘सायन्स’ नियतकालिकात ही हिशेबातली गफलत दाखवून दिली होती. ऐकलं कोणी?

एक टन सुकं लाकूड जाळलं की सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेवढ्याच विजेमागे धुरांड्यातून कोळशापेक्षाही जास्त. झाड पुन्हा वाढतं, हे खरं. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला लागवडीचा पाइन तोडणीला यायला साधारण २५-३० वर्षं घेतो. म्हणजे ही उधारी आहे, आणि ती फेडायची मुदत ब्रिटनच्याच २०५० च्या नक्त-शून्याच्या कायद्याला जाऊन भिडते. वीजकेंद्राच्या बाजूनं एक गोष्ट मान्य केली पाहिजे: सॉमिलचा भुसा तसाही कुजला असता, तो जाळला तर हिशेब पुष्कळ सुधारतो. पण एवढ्या प्रमाणावर माल लागला की नुसत्या भुशावर भागत नाही, हलक्या प्रतीचे ओंडकेही येतात. २०२४ मध्ये कॅनडातल्या लाकडाची माहिती नीट दिली नाही म्हणून कंपनीला अडीच कोटी पौंड भरावे लागले. अनुदान चुकीनं मिळाल्याचा पुरावा नियामकाला सापडला नाही, हेही सांगायला हवं. तरीही ज्याच्या वर्गवारीचाच घोळ आहे त्या मालाला हिरवा शिक्का कशाच्या जोरावर मारायचा?

मग लाकूड जाळूच नये का? तसं नाही. स्वीडनमधलं व्हेक्शो शहर पाहा. १९८० पासून तिथे घरं तापवायला लाकूड वापरतात, आणि तेही भोवतालच्या जंगलात तोडणीनंतर उरलेल्या फांद्या-शेंड्यांचं. ते जाळून केलेल्या वाफेवर वीज तयार होते आणि उरलेली ऊब नळांतून घरोघर जाते, त्यामुळे लाकडातली बहुतेक उष्णता कामी येते. ड्रॅक्समध्ये निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते. लाकूड हे मुळात उष्णतेचं, जवळच्या वापराचं आणि उरल्यासुरल्याचं इंधन आहे. त्यापासून नुसती वीज काढणं म्हणजे उधळपट्टी, आणि ती दुसऱ्या खंडातून लाकूड आणून करणं हा तर शहाजोगपणा.

आपल्याकडचे साखर कारखाने हे न सांगता पाळतात. उसाचा चोथा जागेवरच मिळतो, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि रसही आटतो. पुण्याच्या ‘आरती’ या डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेनं पाचटापासून कांडी कोळसा केला. शेतात पेटवून दिलं जाणारं पाचट बंद पिंपांत तापवायचं आणि सुटलेला वायू त्याच भट्टीत जाळायचा. त्यासाठी २००२ मध्ये संस्थेला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. अशी कामं लहान असतात, म्हणून धोरणकर्त्यांच्या डोळ्यांत भरत नाहीत.

धोरणाच्या डोळ्यांत भरतात ती मोठी केंद्रं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या धोरणानं कोळशाच्या वीजकेंद्रांना ५ टक्क्यांपासून पुढे शेतीतल्या अवशेषांच्या पेलेट कोळशात मिसळायला सांगितलं. पंजाबातली भाताची पराळी जळायची थांबणार असेल तर स्वागतच. पण विदर्भातल्या पऱ्हाट्या-तुराट्या ‘वाया’ जातात असं म्हणण्याआधी तिथल्या चुली पाहाव्यात. ज्या बाईचं सरपण तेच आहे, तिला पुन्हा सिलिंडर भरायला पैसे कोण देणार?

कोकणात आणि घाटमाथ्यावर तर खासगी रानं तोडून ट्रकच्या ट्रक बॉयलरकडे आणि भट्ट्यांकडे निघतात. जुना शेतकरी राबासाठी ऐनाच्या फांद्या छाटायचा, खोड ठेवायचा. झाड पुन्हा फुटायचं. आता ऐन, किंजळ बुडातून जातात, आणि त्या जागी काजूची कलमं किंवा प्लॉटचे दगड येतात. तिथे पुढच्या २५ वर्षांत जंगल परत येईल, हे गृहीतकच उरत नाही. आपल्या तालुक्यातल्या कारखान्यावर ‘हरित इंधन’ अशी पाटी दिसली, तर ही तोड कुठल्या गावात, कुठल्या गटनंबरात झाली आणि तिथे आता काय उभं आहे, एवढं तरी विचारा.