झाकलेल्या थरात काय घालावे?

गोधडी शिवण्याचे काम सुईपासून सुरू होते असा पुष्कळांचा समज आहे. परंतु ज्या स्त्रियांनी आपल्या माणसांकरिता गोधड्या शिवल्या आहेत त्यांस ठाऊक आहे की, ते काम निवडण्यापासून सुरू होते. वर्षभर गाठोड्यात साठलेली जुनेरे, धोतरांचे धडपे, सदऱ्यांच्या पाठी, शिंप्याकडून आणलेल्या चिंध्या, हे सारे उन्हाळ्यातील एखाद्या दुपारी ओसरीवर पसरावे लागते. मग प्रत्येक तुकडा हाती घेऊन ठरवावे लागते की, हा घ्यावा की न घ्यावा, आणि घेतला तर कोठे लावावा. काम दिसण्यात क्षुल्लक. तथापि त्यात नीतीचा एक मोठा प्रश्न आहे, व त्याचाच विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

काहीही वाया जाऊ देऊ नये हे जर आपले कर्तव्य, तर निवडून बाजूस टाकणे योग्य कसे? पाच हजारांस जेवू घातल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्यास प्रभूने शिष्यांस सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या (योहान ६:१२, १३). परंतु जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचे ठिगळ लावल्याने काय होते, हेही त्यानेच दाखविले आहे (मत्तय ९:१६). त्या दाखल्याचा आध्यात्मिक अर्थ निराळा व खोल आहे. पण त्यातील कापडाची गोष्ट अक्षरशः खरी आहे. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि आटताना शेजारच्या विरलेल्या कापडास ओढून फाडते. म्हणून तुकडा चांगला असला तरी तो कोठेही चालतो असे नाही. सर्व काही राखावे, आणि सर्व काही एके ठिकाणी कोंबू नये, या दोन्ही शिकवणी एकत्र पाळावयाच्या आहेत.

त्या कशा पाळाव्या हे जाणत्या स्त्रियांच्या हातांवरून शिकावे. प्रथम त्या सर्व कापड पाण्यात भिजवून धुतात. म्हणजे कोऱ्या तुकड्यांची खळ निघते, आटायचे ते आटते आणि कोणाचा रंग जातो ते कळते. मग गुंड्या, आकडे व जाड शिवणी उसवून काढतात. नंतर तुकडा उजेडापुढे धरून पाहतात, आणि दोन्ही अंगठे जवळ ठेवून ओढतात. जो ‘चर्र’ करून फाटला तो आपण होऊनच आपली स्थिती सांगतो. सदऱ्याची कोपरे जातात, पाठ टिकते; विजारीचे गुडघे जातात, पोटरीमागचे कापड शाबूत राहते; लुगड्याचा मधला भाग विरतो, काठ मजबूत राहतो. सुती कापडाचा ढीग वेगळा व पॉलिस्टरचा वेगळा. कारण ते कृत्रिम कापड घाम शोषीत नाही, आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळून अंगास चिकटते. शेवटी मोठे अखंड भाग वरच्या व खालच्या पदरास, मध्यम तुकडे ठिगळांस, आणि लहान पण दमदार तुकडे मधल्या थरांस, अशी वाटणी होते. जे यांपैकी कशासही चालत नाही त्याचे पोतेरे होते, चुलीवरील भांडे उतरविण्याचे फडके होते, नाहीतर शेतातील बुजगावण्यास सदरा होतो. वाया काहीच जात नाही. पण प्रत्येकास त्याच्या बळाप्रमाणे जागा मिळते.

यात कोणाचा तिरस्कार नाही. अंगठ्यांची परीक्षा कापडाचा पूर्वीचा मान विचारीत नाही. लग्नातील रेशमी शालू घडीवर जीर्ण झाला असेल तर तो बाजूस राहतो, आणि मजुराच्या मांजरपाटाची बंडी आत घेतली जाते. कोणाच्या घरचे कापड, हे पाहिले जात नाही. त्यात अद्याप बळ किती, एवढेच पाहिले जाते. गरिबीचे कापड लज्जास्पद नव्हे, ही गोष्ट दूरदेशीच्या एका उदाहरणानेही स्पष्ट होते. अमेरिकेतील अलाबामा प्रांतात जीज बेंड नावाची नदीकाठची वस्ती आहे. गुलाम म्हणून राबविल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज तेथे राहतात. मिसुरी पेटवे या बाईने पतीच्या मृत्यूनंतर १९४२ साली त्याच्या शेतकामाच्या विटलेल्या कपड्यांची गोधडी शिवली, ती त्याची आठवण राहावी व त्या आठवणीखाली निजता यावे म्हणून. त्या वस्तीतील गोधड्यांचे प्रदर्शन २००२ साली ह्यूस्टन शहरातील ललितकला संग्रहालयात भरले, आणि गरिबीत शिवलेल्या त्या पांघरुणांपुढे मोठमोठे जाणकार थबकले. त्यांत जुनेपण लपविलेले नव्हते.

लपविण्याचा मोह होतो तो मधल्या थरात. वरचा पदर सर्वांस दिसतो. आत काय आहे हे शिवणारीखेरीज कोणास ठाऊक नसते. तेव्हा मन म्हणते, कुजके असले म्हणून काय झाले? जाडी तर येते! परंतु कुजके कापड टाका धरीत नाही. दोनतीन धुण्यांत ते टाक्यांपासून सुटते, त्याचे गोळे होतात आणि उरलेली जागा पोकळ राहते. बाहेरून गोधडी धडधाकट, पण मध्यरात्री थंडी त्या पोकळ जागेतूनच शिरते. हे फक्त पांघरणाऱ्यास कळते. आणि ती गोधडी त्यास दान म्हणून मिळाली असेल तर तक्रार करण्यास त्याला तोंड नसते.

कोणी म्हणतील, गरिबास काहीच न मिळण्यापेक्षा काहीतरी मिळणे बरे. यात थोडे तथ्य आहे. पोतेऱ्याचे कापड पोतेरे म्हणून दिले तर त्यात फसवणूक नाही. परंतु कुजके कापड ऊब म्हणून देणे ही गोष्ट निराळी आहे. ज्याच्यापाशी पांघरूण नाही त्याची दया शेजाऱ्यांस येते. ज्याच्यापाशी आमची गोधडी आहे, त्याची सोय झाली असे सारे गाव समजते, व त्यास पुन्हा कोणी देत नाही. असे दान उणे तर असतेच. शिवाय ते दुसऱ्या दानाची वाट अडविते.

२६ डिसेंबर २००४ रोजी सुनामीच्या लाटांनी तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा देशभरातून जुन्या कपड्यांचे ढीग तेथे गेले. त्यांतील पुष्कळ कपडे नेसण्याजोगे नव्हते. ते रस्त्याच्या कडेस पडून राहिले, आणि पुढे गूंज या संस्थेने त्यांतील बरेच निवडून उपयोगास आणले. देणाऱ्यांनी घरी निवडण्याचे श्रम केले असते तर ते श्रम संकटात सापडलेल्या प्रदेशावर पडले नसते. न निवडता दिलेले दान बहुधा घर रिकामे करण्याचाच एक प्रकार असतो. त्यास प्रीतीचे नाव देण्यापूर्वी विचार करावा.

यास्तव आमची विनंती अशी की, मंडळीतील भगिनी नव्या बाळाकरिता दुपटे किंवा एखाद्या वृद्धाकरिता वाकळ शिवण्यास बसतील, तेव्हा त्यांनी ढिगाऐवजी तीन टोपल्या ठेवाव्या: पदराची, आतल्या थराची, आणि पोतेऱ्याची. दुसऱ्या व तिसऱ्या टोपलीत गल्लत होऊ देऊ नये. शंका वाटेल त्या तुकड्याबद्दल एवढेच विचारावे की, हा आपण आपल्या लेकराच्या अंगावरील दुपट्यात घातला असता काय? घातला असता, तर तो निःशंकपणे घ्यावा, मग तो कितीही विटका असो. नसता, तर तो परक्याच्या गोधडीत, कोणास न दिसणाऱ्या जागीही, घालू नये. पावसाळा संपून थंडी पडेल तेव्हा त्या निवडीचा हिशेब पांघरणाऱ्याच्या अंगास कळेल.