निग्रहाचे माप

निग्रह म्हणजे विकारांचा उच्छेद, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत आहे. ती कितपत खरी, हे बिअर आंबविणाऱ्याच्या शीतपेटीपाशी चांगले उमगते. पुण्यात २००९ पासून परवान्याने चालत आलेल्या लहान मद्यशाळा घ्या, की परदेशातील घरगुती हौशी घ्या, प्रश्न एकच. २०२१ साली पुणे महापालिकेत आलेल्या वाघोलीस वैशाखात पारा चाळिशीकडे झुकतो. त्या उन्हाळ्यात 'एल' जातीची बिअर मोकळी आंबविली, तर ती उग्र होते. तिला सुमारे २० अंश मानवतात. पिण्यास देताना मात्र ती बरीच थंड लागते. ही थंडी उतावीळपणे आरंभीच दिली, तर यीस्ट निजते, साखर तशीच राहते आणि पेय गोडमिट्ट, अपुरे होते. पेटीत शांतता असते खरी. परंतु ती पक्वतेची नव्हे.

दुसरे असे की, आंबणारा रस स्वतःच उष्णता उत्पन्न करतो. म्हणून हवेत टांगलेला तापमापक फसवितो. तो पिंपाला बिलगून ठेवावा लागतो. शिवाय यंत्रास अंशभर चढउताराची मुभा द्यावी लागते. एरवी ते क्षणोक्षणी चालूबंद होऊन झिजते.

मुलांना वळण लावणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. प्रौढाचा थंडपणा आपण बालवयातच मागतो, घरातील शांततेवरून मुलाचे मन शांत समजतो आणि त्याचे अणुभर ढळणेही सोसत नाही. निग्रह हवा तो आंबणे नीट व्हावे म्हणून. ते थांबावे म्हणून नव्हे.