मुद्दा पदरात मागून घेताना

‘धिस बेग्ज द क्वेश्चन : हू विल पे?’ अशा थाटाची वाक्ये इंग्रजी अग्रलेखांत हटकून भेटतात. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते, यातून प्रश्न उभा राहतो. त्यासाठी ‘रेझेस द क्वेश्चन’ हा साधा प्रयोग आहेच; पण ‘बेग्ज’ लिहिले की जरा विद्वत्तेचा वास येतो. आता तर शब्दकोशांनीही हा नवा अर्थ नोंदवला आहे. मूळ अर्थ मात्र निराळा आणि कितीतरी कामाचा.

तो ॲरिस्टॉटलपर्यंत मागे जातो. ग्रीक वादात एक जण प्रश्न विचारी, दुसरा आपली बाजू राखून उत्तरे देई. विचारणाऱ्याने एकेक विधान कबूल करून घ्यायचे आणि त्यांच्या आधारे निष्कर्ष गाठायचा. पण जे सिद्ध करायचे तेच ‘एवढे मान्य करा’ म्हणून मागून घेतले, तर तो दोष. लॅटिनमध्ये त्याला ‘पेटिशिओ प्रिन्सिपिआय’ म्हणू लागले आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत ‘बेगिंग द क्वेश्चन’. म्हणजे इथला ‘क्वेश्चन’ हा वादाचा मुद्दा, आणि तो सिद्ध न करता पदरात मागून घ्यायचा! कोशकार फाउलरने १९२६च्या आपल्या इंग्रजी भाषाप्रयोगाच्या कोशात याचा झकास मासला दिला : कोल्ह्याची शिकार क्रूर नाही, कारण कोल्ह्यालाही त्यात मजा वाटते.

कोल्ह्याला विचारले कोणी?

धर्मचर्चेत हा दोष पावलोपावली आडवा येतो. देव आहे, कारण धर्मग्रंथ तसे सांगतो. आणि ग्रंथ खरा, कारण तो देवाचा. श्रद्धावानाला यात काही खटकत नाही, पण नास्तिक हे चक्र लगेच दाखवील, हे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१च्या ‘मेडिटेशन्स’मध्ये पॅरिसच्या धर्मपंडितांना उद्देशून लिहिलेल्या अर्पणपत्रातच मान्य केले. गंमत अशी की, तोच आरोप त्याच्यावर उलटला. त्याचे म्हणणे : स्पष्टपणे जाणवते ते खरे, कारण देव फसवत नाही. पण देव आहे हे तरी कशावरून? स्पष्टपणे जाणवते म्हणून. धर्मपंडित आर्नोने हे त्याच ग्रंथाला जोडलेल्या आक्षेपांत दाखवले.

आपल्याकडे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, या दोषाला ‘साध्यसम’ म्हटले : हेतू, म्हणजे दिलेले कारणही, साध्याइतकेच असिद्ध. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचे उदाहरण सावलीचे आहे. सावली हे द्रव्य आहे, कारण ती चालते. पण सावली खरेच चालते, की चालतो माणूस आणि प्रकाश अडत जातो? आधी ते ठरू द्या. देवाचा मुद्दा इथेही होताच : वेद ईश्वराने रचले म्हणून प्रमाण, असे नैयायिक मानत. मग ईश्वर केवळ वेदांवरूनच सिद्ध करणे त्यांना परवडणारे नव्हते. तो ‘अन्योन्याश्रय’, म्हणजे दोघांनी एकमेकांवर टेकणे, झाला असता. म्हणून ते घडा आणि कुंभाराकडे वळले : घडा कार्य, त्याला कर्ता लागतो, जगही कार्य, त्यालाही कर्ता हवा. हे अनुमान बौद्धांना आणि मीमांसकांना पटले नाही, पण निदान वादाला पायरी मिळाली.

एवढ्या नेमक्या दोषाचे नाव निव्वळ रुबाबासाठी खर्ची घालणे उधळपट्टीच आहे. तेव्हा प्रश्न उभा राहत असेल, तर खुशाल ‘रेझेस’ लिहा. ‘ग्रंथ खरा, कारण ग्रंथातच तसे म्हटले आहे,’ असे कुणी म्हणाले, तर मात्र लिहा : ‘धिस आर्ग्युमेंट बेग्ज द क्वेश्चन.’ आणि तिथेच पूर्णविराम द्या. पुढे प्रश्न जोडू नका.