पाचवा टायर

अभ्युदय नगरात दोन इमारतींच्या मधल्या जागेत अप्पांची गाडी उभी असायची. दर रविवारी कव्हर निघे, गाडी पुसली जाई, टायरना पॉलिश लागे आणि कव्हर पुन्हा चढे. पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून २०१४ साली घेतलेली ही छोटी हॅचबॅक गणपतीला आणि शिमग्याला गावी जाऊन येई. मधे एखादं लग्न, एखादं बारसं. बाकी वर्षभर ती उन्हात, पावसात आणि बंदराकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात जागच्या जागी. दहा वर्षांत काटा अजून २० हजार किलोमीटरला टेकला नव्हता.

याचा अप्पांना कोण अभिमान! वस्तू जपणं हे त्या घरात व्रतच होतं, आणि त्याला कारण होतं. वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो कधी संपलाच नाही. लालबाग-परळ-काळाचौकीतल्या ज्या घरांनी त्या काळात तांब्यापितळेची भांडी मोडीत घातली, त्या घरांतल्या पोरांच्या हातून पुढे सुतळीचा तुकडासुद्धा टाकवला नाही. अप्पांच्या माळ्यावर मुलाच्या लग्नात आलेल्या, पिशवीतून न काढलेल्या वस्तू होत्या. ‘लागेल तेव्हा काढू’ हे वाक्य त्यांच्या तोंडून इतकं येई, की नातू त्यांची नक्कल करायचा.

तळमजल्यावर भाऊ राहत. टॅक्सीवाले. अर्धं आयुष्य त्यांनी पद्मिनी चालवली. मुंबईत टॅक्सीचं वय २० वर्षांपर्यंतच. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्याच. भाऊंची त्याआधीच भंगारात गेली होती. आता सीएनजीवरची दुसरी गाडी होती आणि तिला दर दीडएक वर्षाने नवे टायर लागत. ते लागले, की अप्पा खाली उतरून हमखास म्हणत, “पुन्हा? अरे, गाडी चालवतोस की टायर खातोस? माझे बघ. दहा वर्षं झाली, नक्षी जशीच्या तशी.”

भाऊ हसून सोडून देत. अप्पा वयाने मोठे. शिवाय नक्षी खरंच जशीच्या तशी होती.

२०२४ च्या जुलैत एका दुपारी अप्पा काकूंना आणि नातवाला घेऊन दादरहून येत होते. पावसाची रिपरिप चालू होती, रस्ता काळा चकचकीत. परळ टीटीच्या पुलावरून उतरताना पुढची बेस्ट बस थांबली. अप्पांनी ब्रेक दाबला. अंतर भरपूर होतं, वेग जेमतेम चाळिशीचा. चाकं जागच्या जागी थांबली आणि गाडी मात्र तशीच सरळ पुढे घसरत गेली. स्टिअरिंग फिरवलं, तरी नाक वळेना. बसच्या मागच्या बाजूला धडक बसली तेव्हा वेग बराच कमी झाला होता, म्हणून बंपर आणि एका दिव्यावर निभावलं. नातू रडायला लागला. काकू काहीच बोलल्या नाहीत, त्याचं अप्पांना जास्त वाईट वाटलं.

भोवती जमलेल्या चौघांनी चार निदानं केली. एकाने खाली वाकून टायर पाहिले आणि म्हणाला, “टायर तर नवेच दिसतायत, काका. ब्रेक बघून घ्या.” हे अप्पांना पटलं. गॅरेजमध्ये ब्रेक पॅड बदलले, तेल बदललं, साडेपाच हजार गेले. तिसऱ्या दिवशी नगरातच, ओल्या पेव्हर ब्लॉकवर, माणूस चालतो त्या वेगात गाडी पुन्हा हातभर सरकली आणि कुंडीला लागून थांबली.

भाऊ समोरच टॅक्सी पुसत होते. ते उठून आले.

“ब्रेक चांगले आहेत, अप्पा. चाकं कशी चट्कन धरली, पाहिलं मी. पण ब्रेक चाकाला धरतो. रस्त्याला धरायचं काम टायरचं.”

“टायरला काय झालंय? नक्षी बघ की.”

भाऊंनी नक्षीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते टायरशेजारी उकिडवे बसले, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर अंगठ्याचं नख रोवलं आणि सोडलं. काही उमटलं नाही. मग आपल्या टॅक्सीकडे जाऊन तेच केलं. तिथे नख किंचित आत गेलं. “तुम्ही करून बघा,” म्हणाले. अप्पांनी केलं नाही.

मग भाऊंनी टायरच्या बाजूवर बोट फिरवत एका लंबगोल चौकटीतले आकडे शोधले. १११४. “हा टायर २०१४ सालच्या अकराव्या आठवड्यात तयार झाला. चारही तेच. चालले कमी, पण वय दहा वर्षं झालं.”

भाऊ शाळा फार शिकलेले नव्हते, पण टॅक्सीवाल्याला रबर कळतं. रिमोल्ड केलेले टायर चालवण्याचा काळ त्यांनी पाहिला होता. टायरच्या खाचा पाणी बाजूला सारतात, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. ते टायरचं अर्धंच काम. पाणी सारून झालं तरी रस्त्यावर एक पातळ थर उरतोच, आणि त्याखाली डांबराची बारीक खरखर असते. मऊ रबर त्या खरखरीत घुसतं, तिचा आकार घेतं, तिथेच पकड तयार होते. रबर एकदा टणक झालं, की ते त्या कणांच्या टोकांवरून नुसतं सरकतं. कोरड्या रस्त्यावर हे फारसं जाणवत नाही. पावसात उघडं पडतं. गाडी पाण्यावर तरंगते म्हणतात, ती गोष्ट वेगळी. तिला साचलेलं पाणी, झिजलेल्या खाचा आणि भरधाव वेग लागतो. हवेचा दाब ३० असेल, तर विमानांच्या टायरवरून निघालेल्या नासाच्या हिशेबाने ताशी ९० किलोमीटरच्या आसपास. ईस्टर्न फ्रीवेवर तसं होऊ शकतं. परळ टीटीच्या उतारावर चाळिशीने जाणाऱ्या गाडीला तरंगण्याची सबब नव्हती. तिथे रबरानेच दगा दिला.

आणि रबर म्हातारं होतं ते केवळ झिजून नव्हे. हवेतला प्राणवायू, ओझोन, ऊन, उष्णता त्यावर रोज काम करत असतात. कारखान्यात मिसळलेल्या गंधकाने जे धागे एकमेकांना बांधलेले असतात, त्यांची गुंतवळ वर्षागणिक घट्ट होत जाते. हे लांबवण्यासाठी टायरमध्ये मेण आणि संरक्षक रसायनं घातलेली असतात. चाक फिरताना टायर दबतो-फुगतो तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीला हे साधत नाही. म्हणजे ज्या गाडीला आपण वापरातून वाचवतो, तिच्या टायरचं औषध आतच राहतं. रविवारच्या पॉलिशने चकाकी येते, तारुण्य येत नाही. काही पॉलिशं तर वर आलेलं मेणच धुऊन काढतात.

अप्पा ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ते मनात टायरची किंमत मोजत होते. शेवटी म्हणाले, “तुझं बरोबर असेल. पण कायद्यात तसं कुठंय?”

यात अप्पांचं चुकत नव्हतं. आपल्याकडे मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ होता कामा नये, असा नियम आहे. खाचेतच तेवढ्या उंचीचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात, नक्षी झिजून त्यांना टेकली की टायर बाद. टॅक्सीला वय आहे, तिच्या टायरला नाही. ब्रिटनमध्ये २०१२ च्या सप्टेंबरात एका प्रवासी बसचा पुढचा टायर फुटून तिघे गेले, तेव्हा तो टायर १९ वर्षांचा निघाला. गेलेल्यांपैकी एकाच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस-ट्रकच्या पुढच्या चाकांना १० वर्षांवरचा टायर चालत नाही. मोटारींना तोही नियम नाही. टायर बनवणाऱ्यांपैकी अनेकजण सांगतात, की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही असली तरी काढून टाका. सांगतात, म्हणजे पुस्तिकेत छापतात. पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. अप्पांचीही होती, प्लास्टिकच्या पिशवीत, जपून ठेवलेली.

भाऊंच्या युक्तिवादाने जे झालं नाही ते काकूंमुळे झालं. त्या पायरीवर उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

“माळ्यावरची ती नवी स्लिपर आठवते?” त्या म्हणाल्या. “पाव्हण्यांसाठी ठेवलेली. एक दिवस माझी तुटली म्हणून काढली, कोरी होती, आणि मोरीत पाय टाकला तशी आडवी झाले. तीन आठवडे कंबर शेकत होते मी. त्या वेळी तुम्ही फरशीला दोष दिला होतात.”

अप्पांनी मग वाकून नख रोवून पाहिलं.

तरी एक प्रयत्न त्यांनी केलाच. “स्टेपनी कधी खाली उतरलेलीच नाही. ती कोरी आहे. तीनच घेऊ आणि चौथ्याला ती लावू.” भाऊंनी डिकी उघडली. स्टेपनीवर साच्यातून निघताना राहिलेले रबराचे केससुद्धा शाबूत होते. बाजूला आकडे तेच, १११४. भाऊ काही बोलले नाहीत. डिकी लावून चावी अप्पांच्या हातात दिली.

शनिवारी दोघं लालबागजवळच्या एका टायरच्या दुकानात गेले. दुकानदाराने पहिला टायर पुढे केला तेव्हा अप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि आकडे वाचले. “हा २०२१ चा आहे. दुसरा दाखव.” दुकानदार म्हणाला, “काका, नवाच आहे, वापरलेला नाही.” अप्पा म्हणाले, “माझेही फारसे वापरलेले नाहीत.” पाच टायर त्यांनी एकेक वाचून घेतले. सतरा हजारांच्या वर बिल झालं. भाऊंना वाटलं होतं घासाघीस होईल, झाली नाही.

जुने टायर उतरले. दुकानातल्या पोराने ते धुऊन भिंतीला लावले, आणि नव्यांच्या शेजारी ते खरोखरच नव्यासारखे दिसू लागले. दुकानदाराने अंगठा एका खाचेत बुडवून पाहिला.

“काका, हे मला द्या. एकाचे पाचशे, पाचांचे अडीच हजार. बिलातून वळते करतो.”

अडीच हजार म्हणजे अप्पांच्या हिशेबात जवळजवळ एक टायर परत मिळाल्यासारखं होतं. त्यांचा हात खिशाकडे गेलासुद्धा.

“तू काय करणार यांचं?”

“सेकंडला जातात. नक्षी बघा ना, फुल आहे. भाड्याच्या गाडीवाले डोळे झाकून घेतात.”

बाहेर रस्त्यालगत भाऊंची टॅक्सी उभी होती. पाऊस पुन्हा सुरू झाला होता आणि कोणीतरी छत्री मिटत “परळ? केईएम?” असं विचारत भाऊंच्या मागे दुकानाच्या दारापर्यंत आलं होतं. भाऊ त्यांना थांबायला सांगत होते.

“तुझ्याकडे सुरी आहे?” अप्पांनी विचारलं.

दुकानदाराला आधी कळेना. कळलं तेव्हा तो वैतागला. भंगारात किलोचा भाव मिळेल, म्हणाला, अडीच हजारांच्या मानाने काहीच नाही. अप्पांनी मान हलवली. सुरी आल्यावर त्यांनी वरच्या नक्षीवरच जोर लावायला सुरुवात केली. आत पोलादी तारा असतात, पातं सरकून जात होतं. भाऊंनी बाजूची भिंत दाखवली, “इथे, अप्पा. इथे तारा नाहीत.” ज्या माणसाने आयुष्यभर सुतळी कापण्याआधी गाठ सोडवून पाहिली, त्याने वीतभर लांब चिरा पाडल्या. दम लागला तेव्हा एक भाऊंनी पाडली. दुकानदार हिशेब करत राहिला, “पैसे पाण्यात घातलेत तुम्ही.”

“एक-दोन-तीन-चार,” अप्पांनी मोजले. “पाचवा कुठाय?”

पोराने दुकानदाराकडे पाहिलं. मग शटरच्या आड सारलेली, केस शाबूत असलेली स्टेपनी ढकलत तो बाहेर घेऊन आला.